पाहुणे गेले का?

६ फेब्रुवारी

दादा,

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. फोन कट करता येतो. पत्र फार तर फाडता येतं, आणि फाडायच्या आधी माणूस दोन ओळी तरी वाचतोच. वहिनी, पाकीट तुमच्या हातात आधी पडलं असेल तर तुम्हीही वाचा, लपवण्यासारखं यात काही नाही.

डोळा कसा आहे? उरलेल्या डोळ्यावर ताण येतो का? आमच्या डॉक्टरांना विचारलं, तर म्हणाले, बाई, मी दातांचा माणूस, डोळ्यांचं मला काय विचारता. बरोबरच आहे त्यांचं. मी दिवसभर खुर्चीत बसलेल्या लोकांना ‘आ करा’ म्हणते, हत्यारं उकळते आणि घरी येते. घरी आता कुणीच नसतं, त्यामुळे स्वयंपाक पटकन होतो.

आपल्या धाकट्याबद्दल, भिंगरीबद्दल लिहिते आहे हे तू ओळखलं असशील. स्क्रूड्रायव्हर त्याच्या हातात होता, तक्रार तू दिलीस, आणि ती द्यायलाच हवी होती, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण त्याच्यावर खटला चालवायचा तर त्याचं डोकं ठिकाणावर आहे का, आपल्यावर काय आरोप आहे हे त्याला कळतं का, ते आधी ठरवावं लागतं. आजारी ठरला तर खटला थांबतो आणि त्याला मनोरुग्णालयात नेतात. बरा ठरला तर तुझ्यामाझ्यावर चालेल तसाच त्याच्यावर चालतो. कोर्टाने त्याला एक वकीलबाई दिल्या आहेत, फुकटातल्या, पण मनापासून धावपळ करतात. त्या म्हणतात, मग कित्येक वर्षं तो त्याच बराकीत राहील, आणि या अवस्थेत तिथे माणूस टिकत नाही.

तर तुरुंगात त्याला तपासायला डॉक्टर येऊन गेले. त्यांनी लिहिलं, बरा आहे. बोलणं सुसंगत, वागणं सभ्य, विनोदबुद्धी शाबूत.

आपला भिंगरी, दादा. विनोदबुद्धी शाबूत. वाचून मी कोर्टाच्या पायरीवर बसून हसले, आणि मग वकीलबाईंनी पाणी आणून दिलं.

तो न्हाणीत घसरून पडला होता, कपाळाला टाके आहेत. तसं विशेष काही नाही.

मी तुझ्याकडे काही मागत नाहीये. कळवायचं म्हणून कळवलं.

फौजदार

(नाव तूच ठेवलेलं. दुसरं कुणी त्या नावाने हाक मारत नाही, तेव्हा म्हटलं आपणच वापरावं, नाहीतर गंजून जाईल.)

२२ फेब्रुवारी

दादा,

उत्तराची वाट बघत नव्हते, त्यामुळे आलं नाही याचं वाईटही वाटलं नाही. हे वाक्य मी दोनदा लिहून खोडलं, पण असू दे.

तुरुंगात भेटायची खोली कशी असते ते तुला माहीत नसेल. मध्ये काच, दोन्ही बाजूंना फोन, आणि काचेवर कपाळ टेकवून टेकवून लोकांनी तिचा तेलकट फळा करून ठेवलाय. सगळे एकदम बोलतात. माझ्या शेजारच्या बाई तर दर वेळी नवऱ्याशी भांडूनच घेतात, त्यांचं बघून मला कधीकधी हेवा वाटतो. कारण माझ्या समोर भिंगरी येऊन बसतो तो दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. शर्टाची गुंडी गळ्यापर्यंत लावलेली. आणि मी फोन कानाला लावला की म्हणतो,

“मी मजेत आहे. कामाचं बघतोय. बसा ना, चहा येतोय.”

मला. मला ‘बसा ना’ म्हणतो, दादा.

ओळखलीस ना वाक्यं? तुझीच आहेत. वहिनीच्या घरचे पहिल्यांदा आपल्याकडे येणार होते, तेव्हा तू त्याला आतल्या खोलीत बसवून घोकून घेतलीस. पायाला भिंगरी लागलेला मुलगा, दोन मिनिटं एका जागी बसायचा नाही, भिंतीशी बोलायचा, आणि घरात मुलगी द्यायला माणसं येणार. आईला घाम फुटला होता. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ हे आपल्या आईचं एकच तत्त्वज्ञान. तू मात्र शांत होतास. हात गुडघ्यावर ठेव, तीन वाक्यं म्हण, मग गप्प बस. जमलं त्याला. वहिनीचे वडील जाताना म्हणाले, धाकटा मुलगा फार सालस आहे. तू दाराआड हसू दाबलंस, ते मी बघितलं होतं.

मग कुणीही आलं की तेच. मास्तर, शेजारी, बँकेचा माणूस, सगळ्यांसाठी तीन वाक्यं. ताकास तूर लागू दिली नाही आपण कुणाला. पाहुणे पायऱ्या उतरले की तो आतून विचारायचा, “पाहुणे गेले का?” आणि तू “गेले” म्हणालास की मगच त्याचे हात गुडघ्यांवरून सुटायचे. मी म्हटलेलं चालायचं नाही, आईने म्हटलेलं चालायचं नाही. मग तो घरभर फिरत सुटायचा, आणि कोंडून ठेवलेलं सगळं तुला सांगायचा. छतातले लोक काय म्हणाले, नळातून कोण हाक मारतंय. तू हिशेब करता करता सगळं ऐकून घ्यायचास. मधूनच ‘मग तू काय म्हणालास त्यांना?’ असंही विचारायचास. मला ते कधी जमलं नाही. मी आपली, गोळी घेतलीस का, एवढंच.

तुरुंगाच्या दवाखान्यात एक कंपाउंडर असतो, भला माणूस आहे. रांगेत प्रत्येकाला विचारतो, काही त्रास? भिंगरी म्हणतो, मी मजेत आहे. त्याने काही आठवडे वाट बघितली आणि गोळ्या बंद केल्या. ज्याला त्रास आहे त्याला मिळत नाहीत, तिथे मजेत असलेल्याला कोण देणार? मग डॉक्टर आले, त्यांनाही तीन वाक्यं. चहा येतोय, हे तुरुंगात ऐकून ते हसले असतील. हसले म्हणूनच तसं लिहिलं.

मी वकीलबाईंना हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, तुम्ही बहीण आहात, तुम्ही त्याला वाचवायला काहीही सांगाल, असं समोरचे म्हणतील.

फौजदार

९ मार्च

दादा,

वहिनींचा फोन आला होता. हळू आवाजात बोलत होत्या, म्हणजे तू बाहेरच्या खोलीत असणार. म्हणाल्या, ते पत्रं वाचतात, पण मग जेवत नाहीत, तेव्हा आता पाठवू नका. मी म्हटलं, बरं. आणि आता लिहायला बसले आहे. वहिनी, मला माफ करा.

त्यांनी एक गोष्ट सांगितली. तू रस्ता ओलांडताना त्यांचा हात धरतोस, कारण डाव्या बाजूने काय येतंय ते कळत नाही. दुकान तू विकलंस ते मला ठाऊक होतं, पण पेला टेबलावर ठेवताना तो कधी हवेतच सुटतो, हे ठाऊक नव्हतं. ऐकल्यापासून मी दवाखान्यात पेले पुसताना तेच आठवते आहे. तुझा राग खरा आहे. त्यात मी वाटेकरी व्हायला आले नाही, आणि तो कमी कर असंही म्हणत नाही. आपलेच दात नि आपलेच ओठ, ही म्हण दिवसभर दात बघणाऱ्या बाईला कळत नसेल असं समजू नकोस.

पण एक खोटं लिहिलं होतं, ते निस्तरते. तो न्हाणीत पडला नाही. त्याने भिंतीवर डोकं आपटलं. बराकीतल्यांनी धरून ठेवलं म्हणून टाक्यांवर निभावलं. आणि ते झाल्यावर टाके घालणाऱ्याला तो काय म्हणाला असेल, ते मी लिहायची गरज नाही.

मी एक प्रयत्न करून बघितला. गेल्या भेटीत काचेपाशी तोंड नेऊन म्हटलं, “भिंगरी, पाहुणे गेले. सगळे गेले.” त्याने माझ्याकडे बघितलं. मग माझ्या मागे उभ्या असलेल्या शिपायाकडे बघितलं. मग त्याच्या स्वतःच्या मागे उभ्या असलेल्या शिपायाकडे. आणि पुन्हा हात गुडघ्यांवर नीट ठेवले. लहान मुलाला कुणी खोटं सांगितलं की ते कसं बिचारं समजुतीने घेतं, तसा बघत होता माझ्याकडे.

तिथे पाहुणे कधी जातच नाहीत, दादा. रात्रंदिवस पहारा, रात्रंदिवस पाहुणे. पकडून नेल्या दिवसापासून तो त्या खुर्चीत बसलाय आणि कुणी त्याला ऊठ म्हणालेलं नाही. आत काय काय साचलं असेल, मला विचारही करवत नाही. पुढच्या वेळी बराकीतल्यांना धरता आलं नाही तर?

म्हणून आता मागते. पहिल्या पत्रात नाही म्हटलं होतं, ते आपलं तोंडदेखलं होतं. तू ये. साक्ष देऊ नकोस, माफ करू नकोस, त्याला हातही लावू नकोस. फक्त ते एक म्हण.

फौजदार

१८ मार्च

दादा,

वकीलबाईंनी खटपट करून एक तारीख मिळवली आहे. न्यायाधीश २७ तारखेला सकाळी त्याला आपल्या खोलीत बोलावून स्वतः प्रश्न विचारणार आहेत. नवे डॉक्टर असतील, सरकारी वकील असतील. त्यानंतर जे ठरेल ते ठरेल. पुन्हा अशी संधी मिळणार नाही, असं त्या स्पष्ट म्हणाल्या. त्याने तीन वाक्यं म्हटली की संपलं.

त्यांनी न्यायाधीशांना विचारून ठेवलंय, तक्रारदार भाऊ आला तर त्याला आत येता येईल. त्यावर सरकारी वकील म्हणाले, कशाला येईल तो? मी म्हटलं, माझा दादा आहे तो, तुम्हाला काय माहीत. बाहेर येऊन मात्र स्वतःशी कबूल केलं, मलाही माहीत नाही.

आला नाहीस तर मला समजेल. समजेल म्हणजे विसरेन असा अर्थ नाही.

गाडीतून उतरल्यावर तोंड कोर्टाकडे केलंस की समोर जिना आहे. पहिल्या पायरीचा कोपरा तुटलेला आहे, डावीकडे. जपून चढ.

२८ मार्च

दादा,

तू काल त्या खोलीच्या दारात जेवढा वेळ उभा होतास, तेवढ्यात माझे केस पिकले असतील तर नवल नाही. आणि मग तू निघून गेलास. मी मागे आले होते, पण जिन्यात कुणी नव्हतं. त्यानंतर काय झालं ते तुला माहीत नाही, म्हणून लिहिते. पहिल्यापासून लिहिते, कारण तू आलास तेव्हा निम्मं होऊन गेलं होतं.

आणलं तेव्हा तो स्वच्छ होता. दाढी केलेली, गुंडी लावलेली. कुणीतरी मायेने तयार केलं असणार आणि तिथेच घात झाला असता. न्यायाधीश वयस्क आहेत, आवाज मऊ. त्यांनी नाव विचारलं, त्याने सांगितलं. तुम्हाला इथे का आणलंय? मी मजेत आहे. तुमच्यावर काय आरोप आहे, माहीत आहे? कामाचं बघतोय. डॉक्टर काहीतरी लिहून घेत होते, सरकारी वकिलांनी मान हलवली. आणि मग भिंगरी न्यायाधीशांना, त्यांच्याच खोलीत, म्हणाला, बसा ना. ते बसलेलेच होते. ते हसले, दादा. चांगलं, मऊ हसले. वकीलबाईंनी टेबलाखाली माझा हात घट्ट धरला. मला कळलं की संपलं.

तेव्हा दार उघडलं. काळा चष्मा लावलेला माणूस मीही क्षणभर ओळखला नाही. भिंगरीने ओळखला. तू काही बोलायच्या आत त्याने विचारलं, अगदी आतल्या खोलीतून विचारायचा तशाच आवाजात,

“दादा, पाहुणे गेले का?”

खोलीत सहा-सात माणसं बसलेली. न्यायाधीश धरून सगळे तुझ्याकडे बघत होते. मला वाटलं, तू वळणार. तू चौकटीला हात लावून उभा राहिलास, आणि म्हणालास, “गेले रे. सगळे गेले.”

इथपर्यंत तुला माहीत आहे. यापुढचं तुला ऐकायचं नव्हतं, म्हणून तू गेलास, हे मी समजू शकते. तरीही लिहिणार. ते तुझंच आहे.

त्याचे हात गुडघ्यांवरून सुटले. आधी नुसते लोंबत राहिले. मग तो उठला आणि खोलीत फिरायला लागला, टेबलाभोवती, डॉक्टरांच्या खुर्चीमागून. शिपाई पुढे झाला, न्यायाधीशांनी त्याला हाताने थांबवलं. आणि तो बोलायला लागला. सगळं बाहेर आलं, दादा. भिंतीत कोण आहे, अन्नात काय घालतात, कपाळाच्या आत कोण ठोकत होतं म्हणून बाहेरून ठोकावं लागलं. मध्येच रडायचा, मध्येच कुणाला तरी गप्प बस म्हणून दटावायचा. मी त्याची बहीण, लहानपणापासून त्याच्यासोबत वाढले, आणि त्यातलं निम्मं मी पहिल्यांदा ऐकलं.

मग दुकानातलं सांगितलं. त्या दिवशी सकाळपासून दुकानात पाहुणे होते, म्हणाला. एक गेला की दुसरा. गिऱ्हाईक म्हणायचं होतं त्याला. तो मागच्या स्टुलावर हात गुडघ्यांवर ठेवून बसला होता आणि तुला विचारत होता, गेले का, आणि तू म्हणत होतास, थांब जरा. संध्याकाळी दुकान रिकामं झालं, शटर अर्धं ओढलंस, तरी तू ‘गेले’ म्हणाला नाहीस. म्हणून त्याने नीट बघितलं. तर तुझ्या डोळ्यात एक पाहुणा बसला होता. इतका बारीक. तो उठायलाच तयार नव्हता.

“त्याला बाहेर काढत होतो,” न्यायाधीशांना म्हणाला. “दादाला त्याचा त्रास होत असणार. दादा कधी सांगत नाही.”

हे मी तुझ्यावर ढकलत नाहीये. भरल्या दुकानात कुठल्या माणसाला आठवलं असतं? मला तर रिकाम्या घरातही आठवलं नसतं. पण त्याने तुला मारलं नाही, दादा. इतके महिने तू त्या एका डोळ्याने छताकडे बघत पडला असशील आणि विचारत असशील की मी त्याचं असं काय वाईट केलं. काहीही नाही. तो तुला सोडवायला आला होता. हे ऐकून बरं वाटतं की आणखी वाईट, मला सांगता येत नाही. मला दोन्ही वाटलं.

न्यायाधीशांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. खटला थांबवलाय. आज सकाळी त्याला मनोरुग्णालयात हलवलं. कधी सुटेल, सुटेल का, कुणी सांगत नाही. गाडीत बसवताना दोघांना धरावं लागलं, ओरडत होता. लोक बघत होते. आपली अब्रू शेवटी वेशीवर टांगली गेली, आणि दादा, खरं सांगते, मला जराही लाज वाटली नाही.

फौजदार

३० एप्रिल

दादा,

हे शेवटचं. वहिनींना मी शब्द दिला होता, तो आणखी एकदा मोडते आणि मग पाळीन.

इथे काच नाही. लांब वऱ्हांडा आहे, लोखंडी खाटा, फिनेलचा वास. एक नर्सबाई आहेत, आवाज भसाडा, पण त्याच्या गालात गोळी लपलेली नाही ना हे बघितल्याशिवाय हलत नाहीत. ‘आ कर’ म्हणतात. मला एकदम घरच्यासारखं वाटलं. भिंतीतले लोक आता फारसे बोलत नाहीत म्हणे. तो जाड झालाय, हात कापतात, जीभ जड झालीये. डॉक्टर म्हणतात, औषध लागू पडतंय आणि हाच कठीण काळ आहे, कारण आपण काय केलं ते आता त्याला कळायला लागलंय. तो दिवसचे दिवस बोलत नाही. परवा फक्त विचारलं, दादाचा कुठला डोळा? मी सांगितलं. तेव्हापासून तो डाव्या डोळ्यावर हात ठेवून बसतो. जेवतानाही.

काल मी निघाले तेव्हा त्याने पदर धरला. बराच वेळ त्याला शब्द जुळवता येईनात. मग म्हणाला,

“ताई, दादा आला होता ना? आणि लगेच गेला.”

मी म्हटलं, हो.

“दादा पाहुणा होता का?”

मी म्हटलं, नाही रे, वेड्या, दादा कसा पाहुणा असेल.

हात डोळ्यावरच होता.

“मग गेला कशाला?”

मी पदर सोडवून घेतला आणि म्हटलं, विचारून सांगते. भेटायला बुधवारी आणि रविवारी दुपारी सोडतात. जिना नाही, सगळं तळमजल्यावरच आहे.

याचं उत्तर मला येत नाही, दादा. आपल्या घरात ते नेहमी तूच द्यायचास.

फौजदार